पाठवणाऱ्याकडे परत

टपालकाकांच्या बायकोला ते ओळखू येईनासे झाले, त्याला दोन वर्षं झाली. नवरा म्हणून ती त्यांना विसरली. पोस्टमन म्हणून मात्र पक्के लक्षात होते. काका चहा घेऊन समोर आले की विचारायची, "आमचं काही पत्र?" काका म्हणायचे, "आज नाही, बाई." छत्तीस वर्षं दारोदार टपाल वाटलं आणि शेवटी हा माणूस स्वतःच्याच घरात पोस्टमन होऊन राहिला. एकदा तरी तिने 'अहो' म्हणावं, एवढीच आता त्यांची हाव होती.

काका स्वभावाने दारापर्यंतचे. नोकरीत कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही आणि आपल्या उंबऱ्याच्या आत कुणाला घेतलं नाही. पण कुठल्या दारामागे कोण म्हातारं खोकतंय आणि त्याचं करता करता कुणाची सून मेटाकुटीला आलीय, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. निवृत्त झाल्यावरही ते डोक्यातून जाईना. बायको दुपारी झोपली की ते बाहेरून कडी घालायचे, समोरच्या वाचनालयात जायचे आणि ती जागी व्हायच्या आत परतायचे. त्या चोरट्या पाऊण तासात त्यांनी माणसं जमवली. औषधवाला आला, वाचनालयातल्या बाई आल्या, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करणारी शिंपीण आली. बघता बघता सोळा घरं झाली. रीत सोपी होती: आठवड्यातून एकदा कुणीतरी दुसऱ्याच्या घरी तासभर बसायचं, म्हणजे त्या घरात राबणाऱ्याला जरा मोकळा श्वास.

वेळापत्रक काकांनीच लिहिलं. सवय जाणार कशी! जाणाऱ्याच्या नावापुढे 'टपाल', जिथे जायचं तिथे 'पत्ता' आणि सगळ्यात वर 'पाठवणारा' म्हणून स्वतःचं नाव. लोक पोट धरून हसले. पण नियमही पोस्टाचेच राहिले. वेळेत पोचायचं, दार उघडलं नाही तर शेजारी विचारायचं आणि घर बंदच असेल तर पाठवणाऱ्याकडे परत, म्हणजे काकांना येऊन सांगायचं.

पत्त्यांच्या रकान्यात काकांचं घर नव्हतं. औषधवाल्याने एकदा छेडलंही, "काका, तुमच्याकडे कोण जाणार?" "आमचं बरं चाललंय," म्हणत काकांनी त्यालाच दोन पाळ्या जास्त लावल्या. बरं कसलं डोंबलाचं! घरात बोलणारं माणूस एक, आणि तेही फक्त पत्राचं विचारणारं. संध्याकाळी ते खिडकीशी बसून समोरच्या घरांत कोण कोणाशी बोलतंय ते बघत राहायचे.

एका मंगळवारी चार वाजता बेल वाजली. दारात शिंपीण, हातात शिवणाची पिशवी.

"पत्ता बंद आहे, काका. माझ्या पाळीतल्या आजोबांना त्यांची मुलगी घेऊन गेली."

"बरं केलंत सांगितलंत. निघा आता."

"निघा काय? नियम तुमचाच. टपाल परत आलंय, घ्या ताब्यात."

"आमचं बरं..."

"सासूपाशी वाचनालयातल्या बाईंना बसवून आलेय मी. तो तास काय जिन्यात घालवू? व्हा बाजूला!"

काका बाजूला झाले. बायको समोरच खुर्चीत जागी होती. त्यांनी चपला घातल्या, ती टक लावून बघत राहिली.

बाहेर पडले खरे, पण जायचं कुठे? पाय आपसूक जुन्या वाटेला लागले. दारं तीच होती, पण हातात पत्र नसताना थांबणार कुणाच्या दाराशी? बाकावर बसून घड्याळ पाहिलं तर वीसच मिनिटं झालेली. पायाखालच्या रस्त्यावर त्यांना इतकं परकं कधी वाटलं नव्हतं. कसाबसा तास काढून ते परतले.

बेलकडे हात गेला, तोच आतून बायकोचा आवाज आला. ती शिंपिणीला सांगत होती, "हे येतीलच आता. चपला घालून गेलेत, मी बघितलं ना! ड्युटी संपली की सरळ घरीच येतात."

काकांचा हात तसाच राहिला. दोन वर्षं ते ती झोपल्यावर जात होते आणि ती झोपेत असतानाच परतत होते. तिच्या देखत ते कधी गेलेच नव्हते, मग घरी येणार कसे?

त्यांनी बेल दाबली. दार बायकोनेच उघडलं. मागे शिंपीण उभी होती.

"अहो, किती उशीर!" बायको म्हणाली. "काही पत्र आलं का आपलं?"

"आज आलंय," काका म्हणाले आणि चपला काढायला म्हणून वाकले, ते बराच वेळ उठलेच नाहीत.