नाकवाली आणि तिची भिंत

तुम्हाला कुणी तोंडावर विचारलं, "काय, घरी बसून होतात?" तर तुम्ही काय सांगाल?

आमच्या वस्तीतल्या नाकवालीला सरकारी माणसाने हेच विचारलं. नाकवाली म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. सगळा जन्म दुसऱ्याच्या शेतात वाकून गेला, पण मान कधी वाकली नाही. पुराने शेतं खरवडून नेली, मजुरी बुडाली आणि घराची मागची भिंतही बसली. तिथे ताडपत्री बांधलेली. आत नवरा खोकत पडलेला. शेतमजुरांना तातडीची मदत मिळणार म्हटल्यावर तिने ठरवलं, थंडीच्या आत भिंत उभी करायची.

शाळेच्या वर्गात टेबल मांडलं होतं. रांगेत थोरली जाऊ पुढे. ती खालमानेने "हो, बसून होते" म्हणाली आणि सुटली.

मग नाकवाली.

"पुराच्या दिवसांत घरी बसून होतात का?"

"बसून? मी? अहो साहेब, बसून खाणाऱ्यातली नाही मी! एक दिवस हात थांबले नाहीत माझे."

"म्हणजे काम चालू होतं." साहेबाने वर न बघता लिहून टाकलं. "पुढचे या."

बाहेर जावेने कपाळावर हात मारला. "अगं बये, तिथं बसायचंच होतं! काम बुडालं का, एवढंच विचारत होता तो मेला."

"मग तसं विचारावं की! हात काय शेतात चालत होते माझे? घरातला गाळ उपसत होते!"

"हे आत का नाही बोललीस?"

नाकवाली तशीच मागे फिरली. जन्मात पहिल्यांदा हात जोडले. "साहेब, बसूनच होते मी. तसं लिहा."

"मघाशी उभ्या, आता बसून? बाई, काय ते एक ठरवा!"

रांग हसली. तिच्यासारखीच उघड्यावर पडलेली माणसं, तीही हसली.

"लिहिलं ते लिहिलं. आता वर अर्ज करा." साहेबाने बोट वर केलं. वर बंद पंखा होता.

तिने अर्ज केला. उत्तर आलं: काम चालू असल्याचे आपण स्वतः सांगितले आहे.

थंडी पडली. शेतात अजून गाळच, काम कुठलं? आता नाकवाली खरंच बसून असते. ताडपत्रीला पाठ लावून, नवऱ्याकडे येणारा वारा अडवत. भिंतीच्या जागी.

उद्या त्या टेबलामागे तुम्ही असाल, नाहीतर त्या रांगेत. एवढं करा: "काम मिळालं का?" असं विचारा, विचारायला लावा. आणि कुणी चुकून ताठ मानेने बोललंच, तर हसू नका.