पांढरीवरचा खड्डा

वडील सोमवारी सकाळी साडेनऊला गेले. बुधवारी कोल्हापुरात रक्षाविसर्जनाचा विधी करून रक्षा गाडग्यात भरली. आमच्याकडे हल्ली रक्षा नदीत सोडत नाहीत. शेतात खड्डा काढून पुरतात आणि वर झाड लावतात. वडिलांनी ‘आपल्या शेतात’ असं सांगून ठेवलं होतं. आपलं शेत आजऱ्याच्या पुढे धरणात होतं. मे महिना असल्यामुळे पाणी मागे सरलं होतं, म्हणून मी, धाकटा भाऊ आणि आत्या रक्षेचं गाडगं आणि आंब्याचं एक रोप घेऊन निघालो.

जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझ्याजवळ त्या भागाचा जुना सर्वेक्षणाचा नकाशा होता. तो मला रद्दीच्या दुकानात मिळाला होता. अनेक रविवार मी तो घेऊन हिंडलो आहे. त्यावरची एक विहीर, एक बैलगाडीची वाट आणि एक पडका नाका मी प्रत्यक्ष पाहून आलो. वडील कधी आले नाहीत. “बुडलेलं गाव कागदावर बघून काय करू?” म्हणायचे.

गाळ वाळून भेगाळला होता. ओढ्याचं वळण नकाशातल्यासारखंच होतं. वळणापासून पावलं मोजत गेलो तर जोत्यांचे दगड लागले, खापरं लागली. गावाच्या पूर्वेला शेत, हे वडिलांकडून ऐकलेलं. मी जागा दाखवली. भावाने गुडघाभर खड्डा काढला.

आत्या दगडावर बसून बघत होती.

“कुणाच्या शेतात खणतोयस रं?”

“आपल्याच की.”

“आपलं पल्याड हाय. ही पांढर. हितं आमी म्हसरं चारायला येत हुतो.”

“आत्या, नकाशात गाव इथंच आहे.”

“असंल की. पांढर म्हंजी जुन्या गावाचीच जागा. पलेगात माणसं मराय लागली तवा सगळी उठून वड्याच्या पल्याड गेली. माझी आजी सांगायची. परत कोण आलंच न्हाय. तुझा कागुद कवाचा हाय?”

मी कोपऱ्यातलं साल पाहिलं. ते प्लेगच्या आधीचं होतं. दर रविवारी नकाशा उघडला की मी आधी तो कोपरा वाचतो. त्या दिवशी वाचला नव्हता.

“मग हा बुजवू?” भावाने विचारलं.

“बुजीव. एवढं शिकल्यालं प्वार घरात, आन बापाला लोकाच्या रानात ठेवाय निघालंय.”

ओढा उतरून पलीकडे गेलो. आत्या न थांबता चालत होती. इथं चावडी, इथं आमचा गोठा, इथं तुझा बा झाडावरनं पडला, असं सांगत ती एका दगडी बांधाशी आली आणि म्हणाली, “खण.” भावाने खणलं. आम्ही रक्षा ठेवली आणि माती लोटली. आंब्याचं रोप परत आणलं. महिन्या-दोन महिन्यांत तिथे पाणी चढणार होतं.

आता तिथे पाणी आहे. वडिलांचं गाव माझ्याकडच्या कुठल्याच नकाशात नाही. जुन्यात ते अजून वसलेलं नाही आणि नव्यात धरण आहे. त्या गावातलं कुठलं घर कुठे होतं हे सांगणारी आमच्या घरात एकटी आत्या उरली आहे. ती ब्याऐंशी वर्षांची आहे.