मोडून लिहिलेला मंत्र

विंचू हा शब्द आमच्या घरात सरळ लिहायचा नाही. तोंडानं सगळे 'इचू' म्हणतात, त्याला हरकत नाही. पण कागदावर किंवा मोबाईलवर तो आला की मोडायचा. सासरे म्हणायचे, लिहिलेलं नाव म्हणजे त्याला धाडलेलं बोलावणं. म्हणून आमच्या घराण्यात मधे एक 'ह' घुसवतात आणि 'विंहचू' लिहितात. पलीकडच्या गावात विष उतरवणारे एक आहेत, ते अनुस्वारच गाळतात. तिसरे अक्षरांची उलटापालट करून 'चूविं' करतात. मंत्राचंही तेच. कागद परक्याच्या हाती लागला तर त्याला नुसतं टरफल मिळावं म्हणून प्रत्येक ओळीत एक अक्षर मुद्दाम चुकवायचं. खरं अक्षर कोणतं, ते ज्याला मंत्र दिला त्याच्या कानात सांगायचं.

लग्न होऊन मी खामगावहून जानेफळला आले तेव्हा मला या सगळ्याचं हसू यायचं. पुढे मी गावची आशा सेविका झाले. गरोदर बायांना दवाखान्यात न्यायचं, लेकरांना डोस पाजून आणायचे, कुणाला काही चावलं तर पहिली गाडी धरून दवाखान्यात पोचवायचं, हे माझं काम. आणि माझ्याच ओट्यावर सासरे कडुलिंबाचा डगळा, म्हणजे पाल्याची डहाळी, घेऊन विंचू उतरवत बसलेले! माझं हसू तेव्हाच आटलं.

सासरे लबाड असते तर मी भांडले असते. पण त्यांनी कधी कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. हाक आली की भरलं ताट सारून उठायचे. बहुतेक विंचू काळे असतात, ते रात्रभर ठणकवतात आणि आपोआप उतरतात, त्यामुळे सासऱ्यांना यश होतं. मला धास्ती होती ती लहान, तांबड्या विंचवाची. तो जीव घेतो. ओट्यावर कुणी विव्हळत असलं की मी आत पीठ मळता मळता हात थांबवून त्या माणसाचा श्वास ऐकत बसायची. जादूटोणाविरोधी कायद्यात विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यापासून अडवणं गुन्हा आहे, हेही मला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. सासरे कुणाला अडवत नसत. उतरेपर्यंत उठू मात्र देत नसत. पोलिसांना हा फरक कोण समजावून सांगणार, या विचारानं माझा जीव टांगणीला लागायचा.

चार तालुक्यांतल्या मंत्र जाणणाऱ्यांचा व्हॉट्सअॅपवर ग्रुप होता. सासऱ्यांना दिसायचं कमी, म्हणून संध्याकाळी मेसेज मी वाचून दाखवायची. ती मोडकी अक्षरं वाचताना माझी जीभ अडखळायची आणि सासरे खुशीत यायचे. एका ओळीवरून ओळखायचे, "हा घाटाखालचा. त्याईच्या घरात वेलांटी दीर्घच राह्यते." एकदा कुणा नव्या माणसानं सरळ 'विंचू' असं लिहिलं, तर मंडळींनी त्याला तिथल्या तिथे ग्रुपमधून काढलं.

मग सासरे ओळी विसरू लागले. मंत्र कुणाला तरी द्यायला हवा होता. माझे यजमान म्हणाले, "मले नको ते लफडं." सासऱ्यांचा पुतण्या मात्र टपून बसला होता. त्याच्या हाती मंत्र गेला असता तर त्यानं दारावर बोर्ड लावला असता. तेव्हा मीच पुढे झाले. माझ्याकडे आलेला माणूस निदान मी दवाखान्यात तरी धाडीन, असा माझा हिशेब. दिवाळीतल्या सूर्यग्रहणात सासरे मला घेऊन कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले आणि त्यांनी कानात मंत्र सांगितला. सोबत अटी. पैसा घ्यायचा नाही. हाकेला नाही म्हणायचं नाही. आणि ज्याला चावला त्याच्या तोंडून 'उतरला' आल्याशिवाय थांबायचं नाही. तो म्हणाला की मग काम संपलं. ही शेवटची अटच मला खटकली. तांबड्याच्या विषात कधी कधी दुखणं कमीच असतं, आणि घाम सुटतो, हातपाय गार पडतात, उलट्या होतात. म्हणजे माणूस 'उतरला' म्हणतो तेव्हाच खरा धोका असू शकतो. हे मी सासऱ्यांना सांगून पाहिलं. "ज्याले चावला त्याच्याच तोंडचा शब्द खोटा कसा धरू, पोरी?" एवढंच ते म्हणाले.

मी ज्याला भीत होते ते पुढच्याच सोयाबीनच्या सोंगणीत, कापणीच्या दिवसांत, घडलं. उन्हं कलली होती. सोंगणीला आलेल्या एका जोडप्याची सात-आठ वर्षांची मुलगी शेतातल्या सुडीवर, म्हणजे सोंगलेल्या सोयाबीनच्या ढिगावर, खेळत होती. तिच्या पायाला विंचू चावला. आईनं तिला उचलून थेट आमच्या ओट्यावर आणलं. मी लसीकरणाहून तेव्हाच परतत होते. बघते तर सासऱ्यांनी मंत्र सुरू केलेला, भोवती माणसं जमलेली.

"कुठवर आला, माय?" सासरे डगळा पायावरून खाली ओढत विचारत होते.

"मांडीवर."

"आता?"

"गुडघ्यावर."

मग घोट्यावर आला. मग ती पोर म्हणाली, "नाही दुखत आता." माणसांनी हुश्श केलं. आई रडत रडत सासऱ्यांच्या पाया पडली. मुलीला उभं करायला म्हणून मी तिचा हात धरला. माठाला हात लागावा तसा तो गार होता. फ्रॉक पाठीला चिकटला होता. तिला एक उमासा आला आणि ती माझ्या पदरावर ओकली.

"हिले दवाखान्यात न्या. आत्ता," मी म्हणाले.

"काऊन वो बाई?" आई माझ्याकडे बघतच राहिली. "उतरला म्हणते ना पोरगी."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते रागावले नव्हते, घाबरले होते. मी म्हणते ते खरं, तर आयुष्यभर त्यांनी केलं ते काय, असा तो प्रश्न होता आणि तो मी साऱ्या गावादेखत विचारत होते. मला त्यांची कणव आली, आणि त्याच क्षणी रागही आला. वाद घालायला वेळ नव्हता. पोरीच्या छातीचा भाता जोरात चालला होता. माझ्या तोंडून काय निघेल ते मलाच ठाऊक नव्हतं.

"मामाजी, तुमचा उतरला," मी म्हणाले. "पण हे दोन इचू होते. एक पायातून उतरला, दुसरा छातीत बसला. तो माह्या मंतरानं उतरते. अन् तो चालत्या गाडीतच उतरते, मेहकरच्या दवाखान्याच्या पायरीवर."

असलं काही नसतं. मला माहीत होतं, सासऱ्यांना तर चांगलंच माहीत होतं. सासऱ्यांनी पोरीचा हात स्वतः हातात घेतला, थोडा वेळ धरला. मग मान खाली घालून म्हणाले, "हाव. असते तसं. न्या लवकर."

मंत्राच्या बाबतीत ते आयुष्यात खोटं बोलले, ते एवढंच. मला त्या वेळी त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं.

शेजारच्या चाचांची जीप दारातच होती. "बैठो भाभी, मैं सीधा ले जातूं," म्हणून त्यांनी जी गाडी काढली ती खड्डे बघितले नाहीत. पोर आईच्या मांडीवर, मी बाजूला, आणि मी मंत्र म्हणत होते. आई माझ्या ओठांकडे डोळे लावून बसलेली. मी दम घ्यायला थांबले की ती माझा दंड आवळायची. माझा मंत्रावर तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. पण त्या रस्त्यावर मी एकही अक्षर मोडलं नाही, आणि ते आईसाठी की स्वतःसाठी हे मला सांगता येत नाही. मुलीच्या ओठांना फेस आला तेव्हा माझा आवाज फाटला, तरी मी म्हणत राहिले.

डॉक्टरांनी तिला लगेच आत घेतलं, गोळ्या दिल्या, ऑक्सिजन लावला. म्हणाले, "वेळेवर आणलंत." दुसऱ्या दिवशी ती बसून बिस्किट खात होती. मी दवाखान्याच्या बाहेर पायरीवर बसून मनसोक्त रडले.

घरी आले तर ग्रुपवर बातमी माझ्याआधी पोचली होती. चालत्या गाडीतला मंत्र! जानेफळच्या सुनेनं छातीतला उतरवला! कुणी 'ह' घालून, कुणी अनुस्वार गाळून, कुणी उलटं, ज्यानं त्यानं आपापल्या घरच्या रीतीनं लिहिलेलं. दवाखाना हा शब्द एकाही मेसेजमध्ये नव्हता. माझं डोकंच फिरलं. सासऱ्यांच्याच फोनवरून मी लिहिलं: मुलगी दवाखान्यातल्या औषधानं वाचली, विंचू चावला की आधी दवाखाना गाठा. सगळं सरळ, एकही अक्षर न मोडता. चहा होईस्तोवर आम्हाला ग्रुपमधून काढलेलं होतं.

संध्याकाळी सासरे मेसेज ऐकायला येऊन बसले. मी सांगितलं, आता येणार नाहीत.

"खरं लिवलं होतं काय?"

"हाव."

"मंग जाऊ दे," ते म्हणाले. पण नंतर बराच वेळ फोन हातात धरून होते.

ग्रुपमधून निघालो, बातमीतून कसं निघणार? गाड्या यायला लागल्या. आधी आजूबाजूच्या गावांतून, मग पार नांदुऱ्याकडून. हॉर्न वाजला की हातातलं भांडं तिथंच ठेवून मी धावते. चप्पल उंबऱ्याशीच ठेवते. नियम एकच केला आहे: घरात कुणाला घ्यायचं नाही, आपणच गाडीत चढायचं, मंत्र सुरू करायचा आणि म्हणायचं, चला मेहकरला. आमच्या भागातल्या गावांना मेहकर पुढेच पडतं, तेव्हा वेळ वाया जात नाही, अशी मी मनाची समजूत घालत होते.

परवाचं लेकरू वाचलं, हे आधीच सांगून टाकते, कारण तेवढाच मला आधार आहे. भर दुपारी रिक्षा आली. नवराबायको, बाईच्या कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल, कपड्यासकट घामानं निथळणारं. मी धावत जाऊन आत बसले, त्याचा गार पंजा मुठीत घेतला, मंत्र सुरू केला आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "फिरवा. मेहकरला." त्यानं रिक्षा चालू केली नाही. तो त्या बापाकडे बघत राहिला.

बाप हात जोडून म्हणाला, "बाई, आम्ही मेहकरचेच हाव. दवाखान्याच्या मागंच घर हाये आमचं. तुमचं नाव ऐकलं, म्हणून याले इथं घेऊन आलो."