काकांचा चालायचा महिना

आमच्या गल्लीतल्या काकांना केजच्या डॉक्टरांनी बजावलंय, रोज चाला, नाहीतर शुगरपायी पाय गमवाल. गल्लीतला पहिला बी.ए. मी, म्हणून रिपोर्ट वाचायला काकू मलाच बोलावतात. चालायचं विचारलं की उन्हाळ्यात काका म्हणतात, "उनात मरू का?" पावसाळ्यात चिखल आडवा येतो, हिवाळ्यात गुडघे. बारा महिने ओट्यावर बसून ते पोरांना मात्र सांगतात, "व्यायाम करत जा बे."

मागच्या निवडणुकीत हेच काका भर उन्हात साहेबांच्या मागं गावोगाव पायी हिंडले. मी उन्हाचं विचारलं तर म्हणाले, "साहेब चालायलेत अन् मी बसू का?" महिन्याभरात शुगर जाग्यावर आली. डॉक्टरांनी एक गोळी बंद केली.

साहेब निवडून आले आणि काका परत ओट्यावर बसले. परवा नवा रिपोर्ट वाचून दाखवला, शुगर परत चढलेली; काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याच संध्याकाळी साहेब गल्लीत सत्काराला आले. काकूंनी ओवाळलं. साहेबांनी विचारलं, "काही काम हाय का, ताई?"

"एकच हाय," काकू म्हणाल्या. "कशाचा बी मोर्चा काढा साहेब, पण बीडपर्यंत पायी काढा."