गच्चीवरचा मध आणि ओट्याजवळचा नवरा

नवरा निवृत्त झाला की बायकोला घरात सोबत मिळते, असं लोक म्हणतात. तपासनीसबाईंनाही सोबत मिळाली. पण ती दिवाणखान्यात बसली नाही, थेट स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "कांद्याच्या फोडी एकसारख्या नाहीत."

साहेबांनी उभा जन्म बिस्किटांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढला होता. समोरून पट्ट्यावर बिस्किटं सरकत जायची, त्यातलं एक उचलायचं, उलटंपालटं करून बघायचं, वास घ्यायचा, तुकडा मोडायचा आणि पास की नापास ते सांगायचं. या कामामुळे सगळी सोसायटी त्यांना तपासनीस म्हणायची, आणि बाई आपोआप तपासनीसबाई झाल्या. त्यांचं स्वतःचं नाव माहेरून फोन आला की तेवढं ऐकू यायचं.

कारखाना सुटला पण पट्टा सुटला नाही. आता त्या पट्ट्यावरून भात सरकू लागला, सूप सरकू लागलं, टोस्ट सरकू लागले. साहेब स्वयंपाकाला हात लावत नसत. त्यांचं खातं वेगळं होतं. ते फक्त मागे उभे राहायचे. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचे. भाताची दोन शितं बोटांनी दाबून "एक शिजलंय, एक राहिलंय" असा निकाल द्यायचे आणि उरलेल्या पातेलंभर शितांचं काय, हे बाईंवर सोपवून पेपर वाचायला जायचे. पेपर संपला की परत.

"अहो, जरा फिरून या ना बाहेर," बाई म्हणायच्या.

"बाहेर काय आहे?"

"मी नाहीये," असं बाईंच्या अगदी ओठांवर यायचं. पण संसारात सगळंच बोलून दाखवायचं नसतं, म्हणून त्या फोडणीतली मिरची जरा वाढवायच्या. साहेबांना ठसका लागायचा आणि तेवढी पाच मिनिटं मोकळी मिळायची.

या घरात सुख आलं ते मधमाश्यांच्या पाठीवर बसून. साहेबांनी कुठलंसं पुस्तक वाचलं, कुणालातरी भेटले आणि एके दिवशी गच्चीवर मधमाश्यांच्या दोन पेट्या आणून ठेवल्या. जाळीची टोपी आली, धूर सोडायचं भांडं आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून साहेब नाश्ता झाला की वर. जेवायला खाली, की पुन्हा वर. मधमाश्या पट्ट्यावरच्या बिस्किटांसारख्याच रांगेत येतात-जातात, हे त्यांना फार पसंत पडलं होतं. त्यांना डंख व्हायचे. बाई प्रेमाने बर्फ लावायच्या आणि मनातल्या मनात त्या माशीचे आभार मानायच्या. ओट्याजवळ कुणी नाही, कांदा हवा तसा कापावा, भाताला हवं तितकं पाणी घालावं. कितीतरी दिवसांनी बाई स्वयंपाक करताना गुणगुणू लागल्या. बेसूर गुणगुणू लागल्या, आणि कुणीही नापास केलं नाही.

थंडीत फुलं नसतात, म्हणून माश्यांना साखरेचं पाणी पाजावं लागतं. साहेब मोठ्या निष्ठेने पाजायचे. साखर आणायच्या बाई, उकळायच्या बाई, वर नेऊन ओतायचे साहेब. "मी माश्या पाळतो," असं ते भेटेल त्याला सांगायचे. बाईंची काही तक्रार नव्हती. नवरा घराबाहेर राहावा म्हणून बायका याहून महागडी व्रतं करतात.

पण सुखाला दृष्ट लागायला सोसायटीचा सेक्रेटरी पुरेसा असतो. थंडी सरत आली, माश्या जरा लांबवर फिरू लागल्या, आणि त्यांतली एक सेक्रेटरीच्या नाकाच्या शेंड्यावर विसावली. सेक्रेटरीने तिला हाकलायचं म्हणून स्वतःच्याच नाकावर जोरात थप्पड मारली, आणि पुढे जे झालं त्याचा सगळा दोष माशीवर गेला. चार दिवस तो रुमाल धरून हिंडत होता. पाचव्या दिवशी लिफ्टशेजारी सूचना लागली: रविवारी कार्यकारिणीची बैठक, विषय – गच्चीवरील पेट्या हटवणे.

साहेबांनी जेवण टाकलं. बाईंनीही ताट बाजूला सारलं. पण कारण वेगळं होतं. पेट्या गेल्या तर साहेब खाली येणार. खाली म्हणजे कुठे, ते त्या जाणून होत्या.

"त्यांना जेवायलाच बोलावू या," बाई म्हणाल्या. "बैठक आपल्याकडेच होऊ दे. सगळं मधातलं करते. तोंड गोड झालं की माणूस हात वर करताना विचार करतो."

साहेबांनी बायकोकडे पहिल्यांदाच माल पास झाल्यासारखं पाहिलं. "आणि मध आपलाच. उद्या काढतो."

"एवढ्यात? अहो, झाडांना अजून धड मोहोर नाही."

"पोळं भरलंय. मी बघितलंय ना!"

काढला. बरणी खिडकीत ठेवून उजेडाला धरली, बोट बुडवलं, डोळे मिटले. "फुलांचा वास येतोय. एक नंबर." आयुष्यभर ज्या माणसाने बिस्किटातलं चिमूटभर जास्तीचं मीठ ओळखलं, त्याला स्वतःच्या बरणीपुढे जीभ दगा देऊन गेली. आपला तो बाब्या, हा नियम तपासनिसांनाही लागू असावा.

बाईंची धाकटी बहीण मदतीला आली होती. तिने चमचाभर मध तोंडात घातला आणि बहिणीकडे पाहिलं. साहेब वर गेल्याची खात्री करून घेतली.

"ताई, हा तुझाच पाक आहे गं."

"माहीत आहे."

"थंडीभर तू उकळलास, भावजींनी माश्यांना पाजला, माश्यांनी ठेवून दिला, आता भावजींनीच काढला. बाकी काही म्हण, तुझी साखर सुखरूप परत आली."

"हसू नकोस. केक कर आधी."

केक केला. मध पाण्यासारखा पातळ, केक मधोमध बसला तो उठलाच नाही. गाजरं भाजून त्यावर मध सोडला, तो गाजरांना धरेचना. ताटलीच्या तळाशी जाऊन गोड डबकं झालं. चव एकच, गोड. लहान मुलाने केलेल्या सरबतात लिंबू पिळायचं राहून जावं तसं.

"बाजारातला आण," बहीण म्हणाली.

"यांना कळलं तर?"

"त्यांना स्वतःच्या मधाचं कळलं नाही, बाजारातल्याचं काय कळणार आहे?"

हे तर्कशास्त्र त्या घडीला बिनतोड वाटलं. बाईंनी कोपऱ्यावरच्या दुकानातून मधाची मोठी बाटली आणली, पिशवीत खाली कोबी ठेवून वर कोथिंबीर पसरून. घरची बरणी कपाटात गेली.

रविवारी ओट्यावर मग खरं काम झालं. साहेब अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून गच्चीवर पेट्यांना धीर द्यायला गेले होते, त्यामुळे दोघी बहिणींचे हात भराभर चालले. कोवळी गाजरं उभी चिरून भाजली, आणि मध अगदी शेवटी, आच बंद करायच्या बेताला, लिंबाच्या रसात मिसळून वरून सोडला. आधी घातला की तो जळून कडू होतो. नव्या मटारांचं सूप, त्यात पुदिन्याची पानं आणि मधाचे दोन थेंब, नुसता हिरवा उग्रपणा मोडण्यापुरते. पालकाच्या कोवळ्या पानांवर संत्र्याच्या फोडी, वर मध आणि मोहरी घोटून केलेलं आंबटगोड पाणी. केक फुलला, वरून तांबूस झाला, आणि घरभर जो वास सुटला तो खरोखरच कुठल्यातरी फुलांचा होता. कुठल्या गावच्या, ते बाटलीलाच ठाऊक.

कार्यकारिणी आली. सेक्रेटरी आला नाक सांभाळत. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्या गोड खाणाऱ्यांवरच पोट भरत असल्याने गोडाला त्यांचा तात्त्विक विरोध नव्हता. आणखी दोघं आले, ज्यांनी आजवर प्रत्येक बैठकीत सेक्रेटरीने वर केला तोच हात वर केला होता.

पहिल्या घासालाच सेक्रेटरीचा रुमाल खिशात गेला. "वहिनी, गाजरं आहेत का काय ही! आमच्याकडे गाजर म्हणजे शिक्षा."

"मटारांच्या सूपमध्ये मध? कमाल आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काका, हा तुमच्या गच्चीवरचाच?"

"आमच्याच माश्यांचा," साहेब म्हणाले, आणि पहिला चमचा तोंडात घातला.

बाई बघत होत्या. साहेबांचे डोळे मिटले, उघडले. जबडा थांबला. कारखान्यात हा चेहरा झाला की पट्टा बंद पडायचा, असं त्यांनी शंभरदा ऐकलं होतं, आज पाहिला.

"हा माल आपला नाही," साहेब म्हणाले.

"अहो, जेवा गुपचूप," बाई दातांतून म्हणाल्या.

"नाही, नाही. हा चांगला आहे, पण आपला नाही. आपला थांबा, दाखवतो." आणि हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचा हा मोका सोडतील तर ते तपासनीस कसले? कपाटात शोधाशोध करून त्यांनी घरची बरणी आणली आणि प्रत्येकाच्या ताटलीत चमचा चमचा वाढला. बहिणीने कपाळाला हात लावला. बाईंना डोळ्यांपुढे स्वतःचा ओटा दिसू लागला, आणि त्याला टेकलेला इस्त्रीचा सदरा.

हात वर करणाऱ्या दोघांनी सेक्रेटरीकडे पाहिलं, सेक्रेटरीने डॉक्टरीणबाईंकडे.

"काका," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या, "रागावू नका. पण हा पाक आहे हो, साखरेचा. दात मला लगेच सांगतात."

"पाक?" साहेब हसले. मग त्यांनी पुन्हा चमचा बुडवला. या वेळी डोळे मिटले नाहीत. बाजारातला मध जिभेवर ताजा होता, आणि त्याच्या शेजारी आपला ठेवल्यावर त्यांना जे कळायचं ते कळलं. चेहऱ्याचा रंग उतरला. बाईंना क्षणभर त्यांची कीव आली, नवऱ्याची येते तशी: मागून वसूल करू या बोलीवर.

साहेबांनी बरणीचं झाकण लावलं, ती टेबलाच्या कडेला सरकवली आणि नोकरीतल्या आवाजात म्हणाले, "नापास. घाई झाली. फुलं येण्याआधी काढला. चूक माझी, माश्यांचा दोष नाही."

"आणि हा चांगला कुठला मग?" सेक्रेटरीने विचारलं.

"कोपऱ्यावरच्या दुकानातला," बहीण म्हणाली. आता लपवायला उरलं तरी काय होतं?

बाईंना वाटलं, संपलं. पण माणसाचा काही नेम नसतो, आणि पोट भरलेल्या माणसाचा तर मुळीच नाही. सेक्रेटरी हळूहळू हसायला लागला. "बिल्डरपासून पाण्याच्या टँकरवाल्यापर्यंत एकाने आजवर माझ्या तोंडावर स्वतःचा माल नापास केला नाही. तपासनीससाहेब, मानलं तुम्हाला. राहू द्या पेट्या. फुलं आल्यावरचा मध चाखल्याशिवाय निकाल नाही." एक हात वर गेला, त्यामागून दोन गेले, आणि डॉक्टरीणबाईंनी केक धरलेलाच हात वर केला.

बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता सोडून व्हायच्या आत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि काका, अशी जीभ कुणाकडे असते? आम्हाला शिकवा ना. दर रविवारी मधातलं काहीतरी करू, तुम्ही तपासायचं. वहिनींचा ओटा किती ऐसपैस आहे!"

"हो की," सेक्रेटरी म्हणाला. "आमची हीसुद्धा येईल."

"काय हरकत आहे?" साहेब म्हणाले. उतरलेला रंग चेहऱ्यावर परत आला होता, जरा जास्तच. "माश्यांचं काय, आता फुलं येतील, त्यांचं त्या बघतील. मला वेळच वेळ आहे."

बहिणीने बाईंकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर दोघींचंही काही खरं नव्हतं.

पुढच्या रविवारी ओट्याभोवती पाच माणसं होती. साहेब मधोमध, हातात चमचा. "गाजराच्या फोडी एकसारख्या नाहीत," ते सेक्रेटरीच्या बायकोला सांगत होते, आणि ती बिचारी लिहून घेत होती. कुणीतरी विचारलं किसणी कुठे आहे, कुणी विचारलं हे भांडं चालेल का, कुणी न विचारता तिसऱ्याच भांड्यात लोणी वितळवलं. बाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या स्वयंपाकघरात त्यांना उभं राहायला तेवढीच जागा उरली होती.

त्यांनी खुंटीवरची जाळीची टोपी काढली, घडीची खुर्ची काखेत मारली आणि जिना चढल्या.

गच्चीवर ऊन कोवळं होतं. खालच्या झाडांना मोहोर आला होता आणि माश्या ओझं घेऊन परतत होत्या. बाईंनी पेट्यांपासून जरा लांब खुर्ची उघडली. तासभर त्यांना कुणी काही विचारलं नाही.

मग जिन्याच्या दारातून आवाज आला. जाळीची एकुलती एक टोपी बाईंच्या डोक्यावर होती, त्यामुळे साहेब दाराबाहेर येऊ शकत नव्हते. आणि मागे उभा असलेला सेक्रेटरी नाकामुळे येणार नव्हता.

"अगं, ऐकतेस का? गाजरं करपली. आता काय करायचं? खाली ये जरा!"

बाईंनी अंतराचा अंदाज घेतला. मग उठून खुर्ची उचलली आणि पेट्यांच्या अगदी लगत नेऊन मांडली.