स्वयंपाकघरातून वर

वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा घर बैठं होतं, दगडी, आणि आत कुठून शिरायचं याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. नवरा घड्याळजी. पुढे त्याचं दुकान, मधे झोपायची खोली, मागे वहिनींचं स्वयंपाकघर. सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणे, वडिलांच्या वयाचा पेपरवालासुद्धा.

मग दिराचं लग्न ठरलं. दीर बसड्रायव्हर. त्याने वर मजला चढवायचं मनावर घेतलं आणि नकाशा स्वतःच काढला, बसच्या जुन्या वेळापत्रकाच्या पाठीमागे. दगडावर लाल विटा चढल्या, विटांवर हिरवा पत्रा, पुढे जहाजासारखा गोल कठड्याचा सज्जा. काम संपवून गवंडी खाली उतरला तेव्हा घड्याळजींनी विचारलं, "जिना कुठाय?"

गवंड्याने नकाशा उलटसुलट करून पाहिला. "यात नाही."

"अरे, मग वर जायचं कसं?"

"मी तर शिडीने जायचो," गवंडी म्हणाला. शिडी त्याची स्वतःची होती. ती घेऊन तो गेला.

शेवटी मागच्या बोळात जिना कसाबसा बसला. पण बोळ दोन्ही टोकांनी बंद; तिथे जायला जागा एकच, वहिनींच्या ओट्याशेजारची खिडकी. तीच फोडून दार केलं. "दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे, वहिनी," दीर म्हणाला.

त्याला सहा वर्षं झाली. दीर पहाटे बूट हातात घेऊन ओट्याजवळून जाई. जाऊबाई, त्यांचं माहेर, मीटर बघणारा, सगळे तिथूनच. "येऊ का?" म्हणेपर्यंत माणूस आत आलेला असे. वहिनी करवादायच्या, "हे स्वयंपाकघर आहे का बसस्टँड?" आणि करवादत करवादतच त्याच्या हातात चहाचा कप द्यायच्या. जाऊबाईच्या भावाचं लग्न मोडल्याचं जाऊबाईच्याही आधी वहिनींना कळलं, कारण भाऊ वर पोहोचायच्या आतच ओट्यापाशी रडून मोकळा झाला होता.

पुढे जाऊबाईंनी सोफा आणला. तो मागच्या दारात अडकला तो तीन दिवस हलेना. वहिनींनी त्यावर बसून भाज्या चिरल्या. दीर वर अडकला होता. त्याने सज्ज्यातून दोरीला बांधून रजेचा अर्ज खाली सोडला. कारण लिहिलं होतं, 'सोफा'. डेपोतून दोघे साहेब चौकशीला आले, सोफा पाहिला, चहा घेतला आणि रजा मंजूर करून गेले. शेवटी चारही पाय कापून सोफा वर चढवला.

"आता जिना पुढूनच हवा!" जाऊबाई कडाडल्या.

झाला. पांढरा, गरगर वळलेला, दुकानाच्या दारावरून जाणारा. अर्धं दार त्याच्याखाली गेल्यामुळे घड्याळजींची गिऱ्हाइकं वाकून आत येऊ लागली. त्यांना वाटे, माणसं अचानक नम्र झालीत.

आणि मागे शुकशुकाट. वहिनींनी पहिल्या दिवशी हुश्श केलं. दुसऱ्या दिवशी सवयीने सात कप चहा टाकला आणि त्यातले पाच एकटीने प्यायल्या. चौथ्या दिवशी जाऊबाईच्या माहेरी कुणाचं तरी ऑपरेशन झाल्याचं त्यांना पेपरवाल्याकडून कळलं. पेपरवाल्याकडून! त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

अशात गवंडी दार बुजवायला आला.

"आज नको, ओटा धुतलाय," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी डबे उन्हात टाकले होते. तिसऱ्या दिवशी कंबर धरली होती. आठवडा झाला तसा गवंडी थापी खाली ठेवून म्हणाला, "वहिनी, भिंत बांधायची की नाही? एकदा काय ते सांगा."

वहिनींनी उठून चौकटीवर हात आडवा धरला.

"अर्धी बांधा," त्या म्हणाल्या.

गवंड्याने या वेळी नकाशा काही मागितला नाही. कमरेएवढी भिंत घातली, वर गुळगुळीत फरशी बसवली. घड्याळजींनी येऊन पाहिली. "ही भिंत आहे की दार?"

"तुम्ही दुकानात जा," वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळी बोळात मागच्या जिन्यावर पावलं वाजली. दीर खाली येऊन भिंतीपाशी थबकला. पलीकडे कसं जायचं ते त्याला समजेना, म्हणून त्याने दोन्ही कोपरं फरशीवर टेकली. मागून जाऊबाई आल्या, त्यांनीही टेकली. पुढचा जिना चढताना चक्कर येते, अशी दोघांची तक्रार होती.

"मग माझ्याकडे कशाला आलात?" वहिनी कडाडल्या आणि गॅसवर मोठं पातेलं ठेवलं. "ऑपरेशनचं काय झालं, ते सांगा आधी."