गैरअर्जदार क्रमांक एक

अर्जदार: मी, केज तहसीलसमोरचा अर्जनवीस. गैरअर्जदार: शेजारचे निवृत्त सुभेदार. साक्षीदार: चहावाला.

निजामकाळातील एका इमानदार फौजी अधिकाऱ्यावर खजिना चोरल्याचा आळ येतो, अशी रहस्यकादंबरिका मी लिहिली. सुभेदारांची पसंती मिळाली तरच ती छापण्याचे ठरले होते.

पहिले पान वाचूनच त्यांनी वही परत केली.

"चोर दिवाण हाय ना?"

"कसं ओळखलंत?"

"तुमीच वर लिवलंय की. गैरअर्जदार क्रमांक एक, दिवाण."

चहावाला म्हणाला, "मग पुढलं कावून वाचायचं?"

गैरअर्जदाराचे नाव आरंभी न लिहिलेला अर्ज आमच्याकडे दाखल होत नाही. अधिकाऱ्याची निर्दोष सुटका मात्र शेवटच्या प्रकरणात आहे. तोवर तो कैदेत आहे. सबब, सुभेदारांनी उर्वरित कादंबरिका वाचून लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.